बाराही राशींचा भाव एकाच दिवशी कसा पडतो?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



पाडव्याला गावोगाव पंचांग वाचले जाते. देवळाच्या ओट्यावर गुरुजी बसतात, कडुनिंबाचा पाला हातावर पडतो आणि वर्षफल ऐकायला गाव गोळा होतो. यंदा राजा कोण, मंत्री कोण, मेघेश कोण. पाऊस किती, धान्य स्वस्त की महाग, राज्यकर्त्यांत सलोखा की कलह. अक्षय तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते, तिथेही हेच प्रश्न असतात. तिथे ग्रहांऐवजी धान्याचे दाणे, ढेकळे आणि पानसुपारी पाहतात, एवढाच फरक.

या श्रद्धेची टिंगल करायला आम्ही उभे राहिलेलो नाही. टिंगल करणारे शहरात पुष्कळ आहेत. ज्याला महिन्याच्या एक तारखेला पगार मिळतो, त्याला मेघेश कोण हे विचारावे लागत नाही. ज्याने घरातले बियाणे आणि सावकाराचे पैसे उघड्या आभाळाखाली मातीत टाकले, त्याला पुढचे कळावेसे वाटणारच. प्रश्न खरा आहे. आम्हाला बोलायचे आहे ते उत्तराबद्दल. ते उत्तर आपल्या उपयोगाचे आहे का? आणि त्या उत्तराने कोणाची सोय होते?

राजा कसा ठरतो?

आधी हे वर्षफल कसे निघते ते पाहू, कारण ऐकणाऱ्याला ते सहसा कोणी सांगत नाही. पाडवा ज्या वारी येतो, त्या वाराचा ग्रह वर्षाचा राजा. सूर्य मेष राशीत जातो तो वार ज्या ग्रहाचा, तो मंत्री. सूर्य आर्द्रा नक्षत्रात जातो त्या वाराचा ग्रह मेघेश, म्हणजे ढगांचा मालक. सोमवार आला की चंद्र, शुक्रवार आला की शुक्र, शनिवार आला की शनी. त्यासाठी आकाशात पाहावे लागत नाही, वार पाहिला की झाले.

याच्या जोडीला साठ संवत्सरांचे चक्र आहे. प्रभवपासून क्षयपर्यंत साठ नावे, की पुन्हा प्रभव. हे चक्र हवेतून आलेले नाही. गुरू साधारण 12 वर्षांत एक फेरी पुरी करतो, शनी साधारण 30 वर्षांत. साठ वर्षांत गुरूच्या पाच फेऱ्या बसतात आणि शनीच्या दोन. दुर्बीण नसताना ज्यांनी नुसत्या डोळ्यांनी हे हेरले, त्यांच्या बुद्धीला नमस्कारच केला पाहिजे. आकाशातले घड्याळ बिनचूक चालते. सवाल एवढाच की ते घड्याळ आपल्या पावसाला आणि आपल्या भावाला बांधलेले आहे का?

हे तपासायला फार शिकावे लागत नाही. मागची वर्षे काढून पाहायची.

2012 चा पाडवा 23 मार्चला, शुक्रवारी होता. मेष संक्रांत 13 एप्रिलला, तीही शुक्रवारी. म्हणजे राजा शुक्र आणि मंत्रीही शुक्र. शुक्र हा शुभ ग्रह, पावसाला अनुकूल मानलेला. संवत्सराचे नाव नंदन, म्हणजे आनंद देणारा. त्या नंदन संवत्सरात मराठवाड्यात काय झाले ते तुम्ही भोगलेले आहे. जालन्याकडे मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. जनावरे छावणीत गेली. 1972 नंतरचा सर्वात कठीण दुष्काळ म्हणून लोक ते वर्ष सांगतात.

2019 चा पाडवा 6 एप्रिलला, शनिवारी होता. राजा शनी आणि संवत्सराचे नाव विकारी. नाव ऐकूनच माणसाने बियाणे कोठीत परत ठेवावे. त्या वर्षी देशात पाऊस सरासरीच्या 110 टक्के झाला.

यावर ज्योतिष सांगणारा म्हणेल, "थांबा. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला की नाही? ऑक्टोबरच्या पावसात वेचणीला आलेला कापूस भिजला, ज्वारी काळी पडली की नाही? हाच तो विकार!" ठीक आहे. आता साठ-साठ वर्षे मागे जाऊ. याआधीचे विकारी संवत्सर 1959 चे. त्या वर्षी देशात पाऊस सरासरीहून चांगला अधिक होता. त्याआधीचे विकारी 1899 चे. त्या वर्षी देशाचा पाऊस साधारण चौथ्या हिश्श्याने तुटला आणि मोठा दुष्काळ पडला. विक्रम संवत 1956 म्हणून गुजरात-राजस्थानात तो अजून छप्पनिया नावाने ओळखला जातो. एकच संवत्सर, तीन फेऱ्या. एकदा कोरडा दुष्काळ, एकदा भरपूर पाऊस, एकदा महापूर.

जो शब्द कोरड्यालाही लागू पडतो आणि ओल्यालाही, त्या शब्दावरून तिफण जुंपायची की थांबायचे हे कळत नाही. "काही भागात अतिवृष्टी, काही भागात अवर्षण" हे भाकीत कधी चुकणार? "राज्यकर्त्यांत मतभेद संभवतात" हे कोणत्या वर्षी खोटे ठरले?

कोल्हा, बेडूक आणि मृग

नक्षत्राच्या वाहनाचेही तसेच. सूर्य नव्या नक्षत्रात जाताना, सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे आणि बाकी पाहायची. एक उरला की घोडा, दोन उरले की कोल्हा, तीन उरले की बेडूक, बाकी शून्य आली की हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस. कोल्हा, मेंढा आले की ओढ. हा चौथीतला भागाकार आहे. आणि तो सगळ्या महाराष्ट्राला एकच लागतो. रत्नागिरीला जो बेडूक, तोच बीडला बेडूक. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि बीडला सातशेच्या आसपास. सह्याद्री ओलांडताना बेडकाचे काय होते, हे पंचांगात लिहिलेले नाही.

पण भावांनो, एक गोष्ट वेगळी काढली पाहिजे. मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा, मघा, हस्त हे आपल्या बापजाद्यांचे कॅलेंडर आहे आणि ते खरे कॅलेंडर आहे. सूर्य कोणत्या नक्षत्रात आहे, म्हणजे वर्षाचा कोणता पंधरवडा आहे. 7-8 जूनला मृग लागतो, सप्टेंबरच्या अखेरीला हस्त. हस्ताच्या ओलीवर रब्बीची ज्वारी पेरणारा शेतकरी अंधश्रद्धाळू नाही. तो तारीख सांगतो आहे, फक्त त्याच्या तारखेला ताऱ्याचे नाव आहे.

मात्र तारा पाऊस आणत नाही. पृथ्वीचा आस हळूहळू डोलतो, त्यामुळे नक्षत्रांच्या तारखा ऋतूंच्या तुलनेत सुमारे 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. वराहमिहिर होऊन सुमारे दीड हजार वर्षे झाली. त्याच्या काळी सूर्य मृगात जाई तो आजच्या कॅलेंडराच्या हिशेबाने मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे मृग तेव्हापासून तीन आठवडे सरकला. पावसाळा मात्र समुद्राच्या आणि जमिनीच्या तापण्यावर चालतो, तो ताऱ्याचे बोट धरून सरकत नाही. तीन-चारशे वर्षांनी नातवांचे नातू मृगाची वाट पाहत बसले, तर त्यांची पेरणी तेवढ्या दिवसांनी उशिरा होईल.

जुने लोकही डोळे मिटून नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पावसासाठी गुरू आणि शुक्राची गती पाहायला सांगितली आहे, हे खरे. पण त्याच ग्रंथात पाऊस भांड्यात मोजायलाही सांगितले आहे. जांगल प्रदेशाला 16 द्रोण, अवंतीला 23 द्रोण, असे आकडे दिले आहेत. आणि जो माणूस कामाच्या वेळी ताऱ्यांनाच फार विचारत बसतो, त्याच्या हातून काम निसटते, अशा अर्थाचे बोलही त्याने सुनावले आहेत.

चक्र शोधणे चूक नाही, न तपासणे चूक

आकाशातले चक्र आणि जमिनीवरचा पाऊस यांचा मेळ घालायचा प्रयत्न आपल्याच लोकांनी केला असे नाही. विल्यम जेव्हन्स नावाचा मोठा इंग्रज अर्थशास्त्रज्ञ होता. 1870 च्या दशकात त्याने मांडले की, सूर्यावरचे डाग सुमारे साडेदहा वर्षांनी वाढतात-घटतात, त्याने हिंदुस्थानातली पिके बुडतात आणि त्यामुळे इंग्लंडच्या व्यापारात मंदी येते. पुढे डागांचे चक्र सुमारे 11 वर्षांचे आहे हे नक्की झाले, मंदीशी त्याचा मेळ बसेना, आणि लोकांनी ते मत सोडून दिले.

1899 च्या दुष्काळानंतर हिंदुस्थानच्या हवामान खात्याचा प्रमुख म्हणून गिल्बर्ट वॉकर आला. तो गणिती होता. 1904 ते 1924 अशी वीस वर्षे तो त्या जागेवर होता. त्यानेही सूर्याचे डाग आणि पाऊस यांचा हिशेब मांडून पाहिला. हाती फारसे लागले नाही, म्हणून तो दुसरीकडे वळला. जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे मांडताना त्याला दिसले की, पॅसिफिक महासागरावर दाब चढतो तेव्हा हिंदी महासागराकडे उतरतो, आणि इकडे चढतो तेव्हा तिकडे उतरतो. या झोक्याचा आपल्या मान्सूनशी संबंध आहे. त्याचाच समुद्रातला जोडीदार म्हणजे एल निनो. 1972, 1987, 2002, 2009 आणि 2015 ही देशातली तुटीची वर्षे एल निनोची होती.

म्हणून एल निनो आला की दुष्काळ ठरलेलाच, असे समजू नका. 1997 ला मोठा एल निनो होता आणि देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. हवामानाचे शास्त्र शक्यता सांगते. पण मागच्या वर्षीचा अंदाज आणि मागच्या वर्षीचा पाऊस शेजारी ठेवून तुम्ही त्याला जाब विचारू शकता. पंचांगाला असा जाब कोणी विचारत नाही, हाच दोघांतला मोठा फरक.

विचारला तेव्हा काय झाले? फेब्रुवारी 1962 मध्ये मकर राशीत अष्टग्रही आली. आठ ग्रह एका राशीत, आता प्रलय होणार म्हणून देशभर यज्ञ झाले, तूप जळले. पृथ्वी जागेवर राहिली. त्या वर्षी ऑक्टोबरात चीनचे युद्ध झाल्यावर मात्र सांगणारे म्हणाले, पाहा, हेच ते फळ. फेब्रुवारीचा प्रलय ऑक्टोबरच्या युद्धात मोजून दिला.

दुसरी कसोटी आपल्या पुण्याची. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ती घेतली. काही पत्रिका हुशार मुलांच्या, काही मतिमंद मुलांच्या. कोणती कोणाची ते फक्त ओळखायचे. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहून उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी 46 टक्के आली. नाणे उडवले असते तर 50 च्या आसपास आली असती. हा निष्कर्ष 2009 मध्ये छापून आला. एका मुलाची बुद्धी ज्यातून कळत नाही, त्यातून देशाचे सरकार आणि कापसाचा बाजार कसा कळावा?

बाराही राशी एका रांगेत

आता मुद्द्याचे. पावसाच्या भाकितात फसलो तर एक पेरणी जाते. भावाच्या बाबतीत ग्रहांवर बोट ठेवले तर पिढी जाते.

साडेसातीचा हिशेब पाहा. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे राहतो. आपली रास, तिच्या मागची आणि पुढची, अशा तीन राशी मिळून साडेसात वर्षे. म्हणजे कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती चालू असते. चार शेतकऱ्यांमागे एक. उरलेल्या तिघांना नसते.

आणि कापसाचा भाव पडतो तेव्हा? मेषेच्या शेतकऱ्याला जो भाव, तोच मीनेच्या शेतकऱ्याला. बाराही राशींच्या गाड्या बाजार समितीच्या एकाच रांगेत उभ्या असतात आणि बाराही राशींना एकच भाव पुकारला जातो. जे संकट सगळ्यांवर एकाच दिवशी येते, त्याचे कारण एकेकाच्या कुंडलीत कसे सापडेल? ते सगळ्यांना लागू होणाऱ्या निर्णयात सापडेल.

ते निर्णय तारखेसकट सांगता येतात. 5 मार्च 2012 रोजी केंद्र सरकारने कापसाची निर्यात बंद केली. आरडाओरडा झाल्यावर आठवड्याभरात ती बंदी काही प्रमाणात सैल केली. पण परदेशचे गिऱ्हाईक असे दार आपटून गेले की भाव कोणाच्या हातात जातो? तेव्हा राजा शुक्र अजून गादीवर बसायचा होता, पाडव्याला अठरा दिवस बाकी होते. 19 ऑगस्ट 2025 पासून परदेशी कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क उठवले गेले. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. आपला कापूस ऑक्टोबर ते डिसेंबरात बाजारात येतो. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला 7,710 रुपये आणि लांब धाग्याला 8,110 रुपये जाहीर होता. शुल्काच्या अधिसूचनेवर सही माणसाची होती, शनीची नव्हती.

ज्वारीचे पाहा. कोरडवाहू माणसाची भाकरी आणि जनावराचा कडबा. तिचा पेरा वर्षानुवर्षे घटत का गेला? रेशनच्या दुकानात गहू आणि तांदूळ स्वस्त देत राहिले आणि ज्वारीला तिथे फारशी जागा ठेवली नाही. खाणाऱ्याची सवय मोडली, गिऱ्हाईक गेले. यात राहू कुठे आला?

बाजारात तेजी-मंदी सांगणारेही भेटतात. गुरू मार्गी होईपर्यंत कापूस धरून ठेवा, भाव फुटेल. भाव नाही फुटला तर सांगणाऱ्याचे काय जाते? घरात कापसाची गंजी तुमच्या, अंगाला खाज लेकरांच्या, ठिणगी पडली तर घर तुमचे, व्याज तुमचे. कापूस धरायचाच असेल तर आयात किती झाली, खरेदी केंद्र कधी उघडते, आपल्या कापसात ओलावा किती, हे विचारून धरा. कापूस महामंडळाच्या केंद्रावर 8 टक्के ओलाव्याचा माल पुऱ्या भावात, त्यावर 12 टक्क्यांपर्यंत कपात आणि पुढे माल परत. हे आकडे ग्रहांपेक्षा तुमच्या जास्त कामाचे आहेत.

कर्जापायी घरातला माणूस गेला त्या ओसरीवर आम्ही बसलो आहोत. तिथेही कोणीतरी हळूच म्हणते, ग्रहमानच वाईट होते. म्हणणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा असतो. पण त्या एका वाक्याने तिथल्या तिथे सगळे सुटतात. निर्यात बंद करणारा सुटतो, बनावट बियाणे विकणारा सुटतो, कर्ज नाकारणारी बँक सुटते. आणि त्या माउलीच्या पदरात पडते ते आपलेच नशीब खोटे असल्याचे ओझे. ते ओझे तिचे नाही. ग्रहांच्या नावावर खपवलेला हिशेब आपण तिच्या वतीने परत मागायचा आहे.

आता काय करायचे?

एक. गावात पाऊस मोजायचा. सरळ काठाचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा, रोज सकाळी पट्टी बुडवा. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे 10 मिलिमीटर पाऊस. वहीत लिहा, पाणी ओतून द्या. कृषी महाविद्यालयात आम्हाला शिकवले ते हेच की, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल उतरल्याशिवाय कोरडवाहू कपाशी पेरू नये. खरिपाच्या ज्वारीची पेरणी जुलैच्या पहिल्या आठवड्यापुढे रेंगाळली की खोडमाशी धरते. वाहन कोल्हा असो की हत्ती, वहीतला आकडा पाहून पेरा. दुबार पेरणीचा खर्च गुरुजी देत नाहीत. आणि विम्याच्या वेळी मंडळातला पर्जन्यमापक एक सांगतो आणि आपले शिवार दुसरे सांगते, तेव्हा भांडायला हीच वही लागते.

दोन. येत्या पाडव्याला वर्षफल जरूर ऐका, पण ऐकताना लिहून घ्या. पाऊस, पीक, भाव, राजकारण, सगळे. दिवाळीला त्याच ओट्यावर बसून मोठ्याने वाचा आणि काय घडले ते पुढच्या रकान्यात भरा. कोणाशी वाद घालू नका. तीन वर्षे वही भरली की गाव आपल्या आपण ठरवील.

तीन. दुसरे एक पंचांग प्रत्येक शाखेत भिंतीवर लावा. हमीभाव कधी जाहीर झाला, खर्चाच्या मानाने किती. आयातशुल्क कधी वाढले, कधी उठले. निर्यात कधी बंद, कधी खुली. खरेदी केंद्र उघडायचे कधी म्हणाले आणि उघडले कधी. तारीख लिहा आणि निर्णय घेणाऱ्या खात्याचे नाव लिहा. या पंचांगातले ग्रह मुंबईत आणि दिल्लीत राहतात. ते वक्री होतात तेव्हा शांत करायला होमहवन लागत नाही. त्यांना दर पाच वर्षांनी आपल्या दारात यावे लागते.

शनी आकाशात आपल्या वाटेने जातो आहे. त्याला ना तुमचा कापूस ठाऊक, ना तुमचे कर्ज. त्याच्याशी आपले भांडण नाही. ज्यांच्याशी आहे त्यांची नावे आणि तारखा पुढच्या बैठकीला लिहून आणा.